बाबांचा पंचा आणि गार्चिंगचं पाणी

माझे सासरे तीन महिन्यांसाठी जर्मनीत गार्चिंगला आमच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या बॅगेत कपड्यांपेक्षा साबणाचंच वजन जास्त होतं. तेलाच्या साबणाच्या दहा वड्या, प्रत्येक वडी वर्तमानपत्रात गुंडाळलेली. शिवाय निळीची एक बाटली, तीन पिशव्यांत बांधलेली.

"माझे कपडे मी धुणार," आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं. "मशीन तुमचं तुम्हाला."

जन्मभर त्यांनी बसच्या वर्कशॉपात ग्रीसमध्ये हात घातले होते. म्हणूनच असेल, कामाबाहेर ते फक्त पांढरं घालत, आणि ते पांढरं दुसऱ्या कुणाला धुऊ देत नसत. सासूबाई होत्या तेव्हाही नाही. आदल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. आधी रबरी चेंडू दाबून आणि मग कपडे घासून त्यांनी तो हात परत कामाला लावला. पहिल्यांदा पंचा मनासारखा निघाला त्या दिवशी त्यांनी मुद्दाम फोन केला होता, "हात आला बरं का परत." हे मला माहीत होतं, आणि तरीही पुढे मी जे केलं ते केलं.

मी तेव्हा तिथल्या विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएचडी करत होते. आमच्या इमारतीच्या तळघरात सगळ्यांची मिळून एक वाशक्युशं होती, म्हणजे धुण्याची खोली. तिथल्या फळीवर माझे तीन डबे असत. पांढऱ्या कपड्यांची ब्लीचवाली पावडर, रंगीतसाठी बिनब्लीचची, आणि लोकरीसाठी पातळ साबण. हे शहाणपण मला आपोआप आलं नव्हतं. पहिल्या वर्षी एकच डबा सगळ्याला वापरून मी एका निळ्या कुडत्याची पार वाट लावली होती, आणि टॉवेल तर पापडासारखे कडक व्हायचे. मग डब्यामागचा तक्ता वाचायला शिकले. पाणी मऊ, मध्यम की कडक, त्यावर पावडरचं माप ठरतं. आमचं पाणी कडक. त्याला शाळेत आपण दुष्फेन म्हणतो, आणि परीक्षा झाली की विसरतो.

दोन आठवड्यांत बाबांचे पायजमे राखाडी दिसू लागले. ते टबाच्या काठाशी स्टुलावर बसून तासतासभर घासत, आणि इकडे माझी आंघोळ खोळंबे. फेस म्हणून होत नसे. त्यांनी नीळ वाढवली, तर कपडे राखाडीचे निळसर राखाडी झाले. वाळत घातलेल्या पंच्यासमोर ते बाल्कनीत नुसते उभे राहायचे. मला वाटायचं, काय हा हट्ट!

"बाबा, टाका ना मशीनला."

"मशीनला काय कळतंय?"

एकदा ते फिरायला गेले होते, तेव्हा मी त्यांचं सगळं पांढरं गोळा करून मशीनला लावलं. साठ डिग्री, पांढऱ्याची पावडर, मापात. कपडे असे निघाले की दुकानातून आणलेत म्हणावं. घड्या करून त्यांच्या पलंगावर ठेवल्या आणि शाबासकीची वाट पाहत बसले.

"तू धुतलेस?" त्यांनी विचारलं.

"हो. बघा ना किती पांढरे झालेत!"

"झालेत खरे." त्यांनी उजव्या हाताची मूठ मिटली, उघडली, परत मिटली. "आता तूच धूत जा. आणि तिकीट अलीकडचं मिळत असेल तर त्याला बघायला सांग."

त्याला म्हणजे माझ्या नवऱ्याला. तो ऑफिसातून आल्यावर मी हे सांगितलं, तर म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर, मला वाटलंच होतं. करमत नसणार त्यांना इथे." मला ते पटलं नाही. ती मूठ डोळ्यांसमोरून हलेना.

दुसऱ्या दिवशी तळघरात पावडर मापताना नजर त्या तक्त्यावर गेली आणि हातातलं माप तसंच राहिलं. पाण्यातला चुना साबण खाऊन टाकतो. माझ्या पावडरमध्ये त्या चुन्याचा बंदोबस्त केलेला असतो, बाबांच्या वडीत नाही. गावच्या मऊ पाण्यात तिला त्याची गरजच पडली नव्हती. बाबा तीन आठवडे चुन्याशी झगडत होते आणि समजत होते की हातातलं बळ पुन्हा गेलं. त्यात मी ते पांढरेशुभ्र कपडे नेऊन ठेवले आणि त्यांची खात्रीच करून दिली. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. घरात एक रसायनशास्त्रज्ञ असून उपयोग काय!

इस्त्रीसाठी आणलेला डिस्टिल्ड पाण्याचा कॅन घरात होता. मी न्हाणीघरात दोन बादल्या मांडल्या, एकीत नळाचं पाणी, दुसरीत कॅनमधलं, आणि बाबांना बोलावलं.

"मी सोडलंय ते," ते म्हणाले.

"एकदाच बाबा. साबण तुमचा, हात तुमचा. फक्त पाणी वेगळं."

नाखुशीनेच ते स्टुलावर बसले. पहिल्या बादलीत साबण चोळला तर दूध नासावं तसे पांढरे कण वर आले. मग दुसऱ्या बादलीत त्यांनी पंचा बुडवला, वडी फिरवली, दोनदा घासलं. फेस मनगटापर्यंत आला. ते थांबले. परत घासलं, या खेपेला जोरात. फेस बादलीबाहेर गेला.

"चुना," मी म्हटलं. "पाण्यात आहे. हातात काही नाही."

पंचा लगेच पांढरा झाला नाही, होणारही नव्हता. नळाच्या पाण्यात आधी चमचाभर धुण्याचा सोडा घातला की कामचलाऊ होतं, असं मी सांगत होते. त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी पंचा खळबळला, दुमडला, उजवा हात वर धरून पीळ घालायला लागले. पाण्याची धार लागली, मग थेंब, मग तेही थांबले. तो पीळ त्यांनी तसाच माझ्या हातात दिला.

"आता तू पीळ. थेंब पडला तर सांग."

मी दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन पिळला. एक थेंब पडला नाही.