सब ठीकची जलेबी

बाबांच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली होती. डॉक्टरांनी आतून नळी बसवली, पण तो फुगवटा पुन्हा वाढत तर नाही ना, हे अधूनमधून बघावंच लागतं. सीटी स्कॅनमध्ये जास्त कळतं, पण त्यासाठी शिरेतून जे औषध देतात ते किडनीला झेपलं पाहिजे, आणि बाबांची किडनी आधीच कमजोर. म्हणून ठरलं, सोनोग्राफीवर भागवायचं. फुगवटा वाढला तरच सीटी.

सोनोग्राफीला उपाशी जायचं, नाहीतर गॅसमुळे आतलं दिसत नाही. मीही त्यांच्यासोबत उपाशी राहायची. पण बाहेर बाकावर. उघड्या पोटाचा बाप पोरीनं पाहू नये, हा त्यांचा हट्ट. "तू ऑफिसला जा, रिपोर्ट डॉक्टरला मी दाखवतो," हाही हट्टच. संध्याकाळी बडा फुहाऱ्याच्या बाजारातून खोव्याची जलेबी घेऊन आमच्या कांचघर मोहल्ल्यात घरी यायचे. जलेबी आली म्हणजे सब ठीक.

या वेळी मी सुट्टी काढून डॉक्टरांकडे सोबत गेले. डॉक्टर चिडलेच. "मागच्याच वेळी सांगितलं होतं ना, वाढलंय, सीटी करा?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा पंख्याकडे पाहत होते.

मागच्या वेळी तर अर्धा किलो जलेबी आणली होती हो! मी आनंदानं शेजारीपाजारी वाटत फिरले होते. अंगाची लाही लाही झाली.

"काहून लपवलं?" बाहेर येताच मी ओरडले. "मी काय परकी आहे?"

"तूच म्हणाली होती, सीटीनं किडनी गेली तर माझी घ्या, दोन आहेत."

"मजाक करून राहिली होती मी!"

"नाही. मी ओळखतो तुले."

"अच्छा! म्हणजे माझी किडनी, माझा बाप, अन् ठरवणार तुम्ही एकटे?"

मी सीटीच्या दिवसापर्यंत त्यांच्याशी कामापुरतीच बोलले. आदल्या दिवशी किडनीसाठी सलाईन लावली, तेव्हासुद्धा.

सीटी झाला. डॉक्टरांनी बोलावलं तर बाबा बाकावरून उठेनात. "तूच जा," म्हणाले.

नळीच्या जोडातून रक्त झिरपत होतं. पुन्हा आतून दुरुस्ती करावी लागणार होती, आणि त्यातही किडनीचा धोका होताच. मी बाहेर आले. उपाशी पोटी बसलेला माझा म्हातारा बाप माझं तोंड वाचत होता. 'सब ठीक' अगदी ओठावर आलं. तेव्हाच कळलं, खोटं बोलणं किती सोपं असतं ते. तरी माझा राग काही कमी झाला नाही.

"गळून राहिलं, बाबा," मी म्हणाले, आणि त्यांच्याशेजारी बसले.