पोटाचं केळवण

"मंग काय सांगू मी खुशालरावले? का माया पोराले त्याच्या बायकोनं जेवाची बंदी केली?"

"हाओ, सांगा. असंच सांगा."

"बाप्पा! तोंड पाहा हिचं!" सुंदराबाईंनी मोबाइल पदराखाली दाबून धरला. पलीकडे मोर्शीचा त्यांचा भाऊ अजून बोलतच होता.

"आई, पंधरा दिवस पातळच द्या म्हटलं होतं अकोल्याच्या डॉक्टरीणबाईनं," शकुन म्हणाली. "त्यातले सहा झाले. अन् सहा दिवसात हे चौथं बोलावणं."

"लोकं मायेनं बोलावून राहिले. एकदा पोट कापलं का कोण बोलावणार हाये त्याले? कटोरीभर वरणाचं पाणी पाजाले?"

ज्याच्या पोटावरून हे चाललं होतं तो किशोर दिवाणावर बसून होता. हातात स्टीलचा ग्लास, त्यात पावडर कालवलेलं पांढरं पाणी. "चुना पाजून राहिली मले बायको," असं म्हणत तो रोज ते नाक धरून प्यायचा. शकुननं मोठ्या आशेनं त्याच्याकडे पाहिलं. या घरात तिची बाजू घेईल असं दुसरं होतंच कोण?

"मामानं रोडगे केले काय व, माय?" किशोरनं विचारलं.

शकुन उठून आत निघून गेली.

किशोर सेहेचाळीस वर्षांचा. वीस वर्षं परतवाडा ते धारणी काळी-पिवळी जीप चालवत आला. मेळघाटातलं एकेक वळण त्याला घरच्या उंबरठ्यासारखं ठाऊक. माणूस मोठा गोड. डोक्यावर बोजा घेतलेली म्हातारी दिसली की भरलेल्या गाडीतही जागा करणार. लहानपणी हाच किशोर गोवराच्या तापात इतका वाळला होता, की आजूबाजूच्या बायांनी सुंदराबाईंना मन घट्ट करायला सांगितलं होतं. ते पोर जगलं, आणि तेव्हापासून आईनं त्याच्या ताटावरची नजर काढली नाही. "पोट्टा खाते म्हणजे जगते," हा त्यांचा हिशेब. नातेवाइकांच्या पंगतींत किशोर म्हणजे एक कौतुक होऊन बसला. तो जेवायला बसला की वाढणारे पैजा लावायचे.

आता वजन एकशे एकतीस. जीपची सीट मागं सरकेल तेवढी सरकवली, तरी स्टिअरिंग पोटाला घासायचं. प्रत्येक शर्टावर पोटाशी एक काळी आडवी रेघ. ती घासता घासता शकुनच्या बोटांची सालं जायची. आठ वर्षांपासून शुगर, आधी गोळ्या, मग इन्सुलिन. पथ्यं किती झाली त्याला गणती नाही. मेथीचं पाणी झालं, एकवेळ जेवण झालं, पहाटेचं चालणं झालं. चार किलो उतरायचे आणि सहा परत यायचे. झोपेत त्याचा श्वास मधेच थांबायचा, मग एकदम घरघर करून सुरू व्हायचा. सकाळी उठला की रात्रभर पोती वाहिल्यासारखा थकलेला. दिवसा बसल्या जागी पेंगायचा.

मागच्या उन्हाळ्यात सेमाडोहच्या खाली जीपची डावी चाकं रस्ता सोडून गेली. गाडीत चौदा माणसं होती. पुढच्या सीटवर टोपली घेऊन बसलेल्या कोरकू बाईनं किंचाळून किशोरच्या दंडाला हिसका दिला, आणि गाडी सागाच्या झाडाला टेकून थांबली. कोणाला खरचटलं नाही. टायरनं दगा दिला, असं किशोरनं माणसांना सांगितलं. स्टँडवरही तेच सांगितलं. घरी येऊन मात्र तो मोरीच्या दगडावर बसला आणि शकुनला म्हणाला, "टायर चांगला होता व. मले झोप लागली होती."

शकुननं ते कोणाला सांगितलं नाही. ड्रायव्हरला झोप लागते असं एकदा स्टँडवर पसरलं, की त्याच्या गाडीत कोण बसेल? त्या दिवसापासून गाडी परत येईपर्यंत ती जेवेना.

अमरावतीच्या शुगरच्या डॉक्टरांनी त्यांना अकोल्याला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाई न करता बोलायच्या. त्यांनी कागदावर पोट काढलं आणि त्याच्या एका कडेला उभी रेघ मारली. "एवढं काढून टाकायचं. राहील ते केळ्याएवढं."

"अन् मंग हे बारीक होतीन?" शकुननं विचारलं.

"बारीक दिसण्यासाठी हे ऑपरेशन नसतं, ताई. वजनानंच माणूस आजारी पडायला लागला आणि वर्षानुवर्षं पथ्यं करूनही वजन हटत नाही, अशांसाठी ते असतं. यांना शुगर आहे, प्रेशर आहे, झोपेत श्वास अडतो. म्हणून यांना उपयोग होईल असं मला वाटतं. पण पोट लहान करणं एवढंच माझ्या हातात. त्या लहान पोटाशी नांदायचं यांना, जन्मभर. थोडं खायचं, सावकाश चावायचं. गोळ्या आणि रक्ताच्या तपासण्या कायम. नाही पाळलं तर वजन परत चढतं."

किशोर खुर्चीच्या दोन हातांमध्ये अडकून बसला होता. "मॅडम, मंग पंगतीत बसता येते का?"

"बसता येतं. उठायचं लवकर."

तो हसला, पण त्याचे डोळे भरले. "मी हावरट नाई जी, मॅडम. पण ताटावर बसलो का हात थांबतच नाई. लाज वाटते, तरी थांबत नाई."

"लाजायचं काही कारण नाही. ही भूक तुमच्या एकट्याच्या हातातली नाही, तोही आजारच आहे."

वीस वर्षांत असं त्याला कोणी म्हटलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये तो खिडकीबाहेर पाहत बसला आणि शकुनचा हात त्यानं मूर्तिजापूर येईस्तोवर सोडला नाही.

ऑपरेशनची तारीख ठरली. तोवर गाडी चालवायची नाही, झोपताना हवेचं मशीन लावायचं. शेवटचे पंधरा दिवस फक्त पावडरचं दूध, पातळ वरण, उकडलेल्या भाज्या. यकृत सुजलेलं होतं आणि पोट त्याच्याच खाली. ते आकसल्याशिवाय दुर्बीण घालणं धोक्याचं. फार्मसी शिकणाऱ्या आकांक्षानं बापाचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं. गाडी दुरुस्तीला आहे असं स्टँडवर सांगितलं. मशीनची नळी पाहून सुंदराबाई म्हणाल्या, "सोंड लावून झोपला माया गणपती." आणि सकाळी उठून त्यांनी झाडून साऱ्या गणगोताला फोन लावले, की किशोरचं पोट कापणार, आता त्याला जन्मात पोटभर जेवता येणार नाही.

लग्न ठरलेल्या पोराला जशी घरोघरची केळवणं, तशीच मग किशोरची सुरू झाली. अकोटची चुलत बहीण डबा भरून पुरणपोळ्या घेऊन आली, अन् समोर बसून तिनं त्या खाऊ घातल्या. शेजारच्या गल्लीत गोळाभात झाला. बातमी स्टँडवरही पोचली, तसं जीपवाल्या दोस्तांनी मटण केलं. प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य: "खाऊन घे बाबा, मंग कुठं भेटते?" शकुन नाही म्हणायला गेली की बाया एकमेकींकडे पाहायच्या. एक तर तोंडावरच म्हणाली, "आतापासूनच उपाशी मारून राहिली काय व त्याले?"

मामांच्या फोनवरून झालेल्या त्या भांडणानंतर दोनच दिवसांनी सगळे मोर्शीला गेले. संत्र्याच्या बागेत गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजत होते, वांग्याच्या भाजीवर तर्री तरंगत होती. खुशालराव मामांनी किशोरला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, खांद्यावर दुपट्टा टाकला आणि हातात नारळ दिला. नवरदेवच जसा! मामींनी रोडगा फोडून त्यात तुपाची धार सोडली, ती थांबवलीच नाही.

"मामी, बस," शकुन म्हणाली.

"तू जेव न बाई गुमान. तुयं पोट कोण कापून राहिलं?"

सगळे हसले. किशोरही हसला. शकुननं त्याच्या डोळ्यात पाहायचा प्रयत्न केला, पण त्यानं मान खाली घातली आणि घास घेतला. मामांच्या म्हाताऱ्या हातांनी वाढलेलं ताट बाजूला सारायची धमक त्याच्यात नव्हती. तिच्यात तरी कुठं होती? ती उठून ताट ओढू शकली असती. पण मग पुढची वीस वर्षं मोर्शीत तिचं नाव त्या ताटाशीच जोडून घेतलं गेलं असतं. ती खाली पाहून रोडग्याचा तुकडा कुस्करत राहिली.

भरती व्हायच्या दिवशी काट्यानं एकशे छत्तीस दाखवले. शुगर तीनशेच्या वर. सोनोग्राफीत यकृत पहिल्यापेक्षा मोठं.

"काय खाल्लंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

किशोरनं शकुनकडे पाहिलं. शकुन एकेक पदार्थ सांगत गेली, आणि सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला.

"घरात लग्न होतं का?"

"नाई मॅडम. यायचंच केळवण होतं."

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट मिटून बाजूला ठेवले. रागावल्या असत्या तर बरं, असं शकुनला वाटलं. "असं असताना मी भूल द्यायला सांगू शकत नाही. नाही म्हणत नाही मी, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. शुगर खाली आणा, मशीन रोज लावा. आणि ताई, तोवर यांना गाडी अजिबात चालवू देऊ नका."

चालवू देऊ नका! जसं काही तिनं आजवर कोणतीही गोष्ट होऊ दिली होती किंवा अडवली होती.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा सुंदराबाई दारातच उभ्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी दोन्ही हात जोडले. "बरं झालं. देवाच्याच मनात नोतं."

"देवाच्या मनात नोतं का मामाच्या रोडग्याच्या, आजी?" आकांक्षा फणकारली.

"चूप बस, पोट्टे! मोठ्याले बोलते."

किशोरनं चपला काढल्या, दिवाणावर बसला आणि भिंतीकडे पाहत म्हणाला, "उद्या गाडी काढतो."

"बाबा! मॅडमनं नको म्हटलं न?"

"महिना झाला रिकामा बसून. अजून तीन महिने बसू? सकाळी सातचा नंबर धरतो. हळू चालवतो."

"हळू चालवलं तर झोप येत नाई काय?" शकुननं विचारलं.

"आता तू नको सुरू होऊ व. दमलो मी." आणि खरंच दमला होता तो. बोलता बोलता त्याची मान छातीवर आली, ओठ सुटले, घरघर सुरू झाली. सुंदराबाईंनी त्याच्या डोक्याखाली उशी सारली.

शकुन त्याच्याकडे पाहत उभी राहिली. उद्या पुढच्या सीटवर कोण असेल? दंडाला हिसका देणारी बाई दरवेळी थोडीच बाजूला बसते. मामांना सांगावं तर ते हसतील. जीप त्याच्या नावाची, जीभ त्याची, माणसं त्याची. तिच्याकडं होती ती फक्त एक गोष्ट, आणि तीही लपवलेली. ती वापरली तर गाडी बंद पडेल ती कायमची, वीस वर्षांची इज्जत एका सकाळी जाईल, आणि हा माणूस तिच्याशी पुन्हा बोलेल की नाही कोण जाणे.

तिनं त्याला हलवून जागं केलं. तो दचकून उठला. आकांक्षा आणि सुंदराबाई दोघी तिथंच होत्या.

"ऐका," शकुन म्हणाली. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. "उद्या सात वाजता तुमी स्टँडवर जाल, त्याच्या आधी मी जाणार हाव. सगळ्या ड्रायव्हरायसमोर सांगणार हाव, का यायले गाडीवर झोप लागते. यायचा नंबर लावू नका."