इनालुकची हिमनदी

मासान्ग्वाककाकांना मी खरं तर फारसा ओळखत नव्हतो. नकाशेवाल्या साहेबांना त्यांनी कुत्रागाडीवरून उत्तरेच्या हिमनदीपर्यंत नेलं, तेव्हा मी दुभाषा होतो. साहेबांनी हिमनदीचं नाव विचारलं. काका गप्प राहिले. त्यांच्या मुलीचं नावही तेच होतं, आणि त्याच वसंतात ती समुद्रावरचा बर्फ फुटून बुडाली होती. मेलेल्याचं नाव नव्या बाळाला मिळेपर्यंत आमच्यात कोणी उच्चारत नाही. एवढं समजावून सांगायचा मला संकोच वाटला. “नाव नाही,” मी म्हणालो. साहेबांनी आपल्या गुरुजींचं नाव लिहून टाकलं.

हिवाळ्यात काकांच्या पुतणीला मुलगी झाली. काका हसत घरी आले. “झाली आमची इनालुक. आता तुझ्या तोंडाला काम आहे, दुभाष्या. हिमनदीचं नाव कळव साहेबाला.”

मी पत्र लिहिलंच नाही. माझं खोटं कबूल करावं लागलं असतं. छापील नकाशा आला, तो मी पेटीत दडवला.

उन्हाळ्यात काका किनाऱ्यावर भेटले, ते शेवटचं.

“उत्तर आलं का रे?”

“नाही, काका.”

“बोटी उशिराच येतात. हे सीलचं मांस ने, कुत्र्यांना घाल.”

“नेतो.”