काचेवरचा कागद

मी जो काही आहे तो माझ्या मोठ्या मामांमुळे, आणि लेबल वाचल्याशिवाय या माणसाने आजवर पाण्याचा घोटही घेतला नसावा. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये घडी घातलेल्या साड्यांवर लेबल चिकटवण्यात त्यांचा जन्म गेला. बिनलेबलची साडी कितीही सुंदर असो, तिथे ती परत जायची. हाच कायदा त्यांनी घरी लावला. बिस्किटाच्या पुड्यावरचे वजन ते दुकानदारालाच वाचून दाखवत; औषधावरची तारीख वाचून होईपर्यंत आमचा खोकला बरा होई. मामी म्हणायच्या, "मना आंगवर लेबल नव्हतं, म्हनीसन फसनात!" मामा गंभीरपणे मान डोलवत.

बमरोलीच्या एका खोलीत मला ठेवून, डबल पाळी करून त्यांनी मला शिकवले. घराण्यातला पहिला पदवीधर मी. कॉलेजला जायला जुनी मोटारसायकल मिळाली, तेव्हा पर्वत पाटियाच्या बाजारात मामांनी तीन हेल्मेटे परत केली. प्रत्येकावरचा सुरक्षेचा शिक्का ते नखाने खरवडून पाहत होते. "काका, हेल्मेट लेना है के इंटरव्यू?" विक्रेता वैतागला. मामा मला म्हणाले, "नखानं निघतं ते लेबल नव्हे."

यंदा मामा निवृत्त होऊन धुळ्याकडच्या गावी कायमचे निघाले. त्यांना स्वतःच्या गाडीतून पोचवायचे, हे माझे पहिल्या पगारापासूनचे स्वप्न. नवी गाडी घेतली. शोरूममध्ये तिच्या काचेवर एक कागद होता: वर किंमत, खाली धडकेच्या चाचणीत मिळालेले तारे. किंमत वाचली तर मामा गाडीत पाय ठेवणार नाहीत, म्हणून मी अख्खा कागद नखाने सोलून खिशात घातला.

निघायच्या दिवशी हार घातलेल्या गाडीभोवती मामांनी तीन फेऱ्या मारल्या. काच चाचपली. डिंक अजून चिकट होता.

"भाचा, लेबल कोठे शे?"

"शोरूमवालेच काढतात, मामा," मी खोटे बोललो.

"मंग तू भी नको बसू," एवढेच म्हणून त्यांनी पिशवी उचलली आणि मामींना घेऊन एसटीने गेले.

त्यानंतर मी त्यांना हे पत्र पाठवले:

तीर्थरूप मामांस शिरसाष्टांग नमस्कार.

लेबल मीच काढले. किंमत बघून तुम्ही बसणार नाही, अशी भीती वाटली. ते या पत्राला चिकटवले आहे. वरचा आकडा सोडा, खालचे तारे मोजा. पाचपैकी पाच आहेत. तुम्ही नको म्हटल्यापासून मीही गाडीत बसलेलो नाही. पुढच्या सीटवरचे प्लास्टिक तसेच आहे. नीट वाचा, आणि वाचून झाले की कळवा. तोवर गाडी उभी आहे.

तुमचा भाचा