द्वारकाबाईनं बघितलेला मकबरा

कडुबा रिक्षावाला माणूस सरळ आहे, असं मुकुंदवाडीतली आख्खी गल्ली सांगते. दारू नाही, मटका नाही, बायकोवर कधी हात उचलला नाही. आणखी काय पाहिजे बाईमाणसाला, असंही वर ऐकवतात. ऐकवोत बापडे! त्यांना द्वारकाबाईच्या भिंतीवरचा खिळा ठाऊक नाही.

द्वारकाबाई कन्नडकडची. लग्न होऊन इथं आली तेव्हा कडुबा नवीनच रिक्षा चालवायला लागला होता. पहिल्याच आठवड्यात त्यानं कबूल केलं, "तुला मकबरा दाखवतो. आत फोटोवाले असतेत. दोघांचा फोटो काढू, मोठ्ठा." नव्या नवरीनं त्याच दुपारी शेजारणीकडून हातोडी मागून आणली आणि भिंतीत खिळा ठोकला. बस्स, तेवढंच झालं. खिळ्यावर आधी कॅलेंडर आलं, मग पोराचं, शिवमचं, दप्तर आलं, मग कडुबाचा खाकी शर्ट. फोटो काही आला नाही.

आणि हा गडी रोज काय करत होता? लोकांच्या बायकांना मकबरा दाखवत होता! कुठली कुठली नवी जोडपी स्टेशनावर उतरायची आणि कडुबा त्यांना मकबरा, पाणचक्की, दौलताबादचा किल्ला, वेरूळ असं दिवसभर फिरवून आणायचा. रात्री जेवताना कौतुकानं सांगायचा, आजची जोडी कशी हातात हात घालून चालली होती म्हणून. द्वारकाबाई भाकरी वाढत ऐकायची. आवो, माझं काय, असं तिच्या ओठापर्यंत यायचं आणि तिथंच राहायचं.

बचत गटाच्या बायका एकदा जीप करून मकबऱ्याला गेल्या. हिला लई आग्रह केला. ही म्हणाली, "मी जाईन तं ह्यांच्या संगंच." मेला हट्ट! त्या हट्टापायी याच शहरात राहून तिनं मकबऱ्याचा घुमट फक्त लांबून बघितला.

यंदा कडुबाच्या गुडघ्यांनी आणि डोळ्यांनी सांगून टाकलं की आता पुरे. रिक्षा विकायची ठरली. कन्नडचा सोमनाथ नावाचा माणूस सोमवारी येऊन गाडी घेऊन जाणार होता. तेव्हा कुठं द्वारकाबाईनं तोंड उघडलं. "गाडी जायच्या आधी मला मकबरा दाखवा. दोघांचा फोटो काढायचाय. मंग काय मागणार नाय मी तुमाला."

"व्हय गं, राहिलंच की ते," कडुबा म्हणाला.

राहिलंच की ते! बाईचा जन्म गेला, आणि हा असं बोलतोय की जणू दुकानातून मीठ आणायचं राहिलं.

रविवारी सकाळी द्वारकाबाईनं ठेवणीतली जांभळी साडी नेसली, गजरा माळला. कडुबा खाकी शर्ट घालून आला.

"आज काऊन खाकी?"

"गाडी चालवायचीय नं."

ती मागं बसली. फोटोत खाकी तर खाकी, माणूस तर असंल, अशी तिनं मनाची समजूत घातली.

मकबऱ्याच्या दारात रिक्षा थांबली. कडुबानं मान वळवली आणि म्हणाला, "या जाऊन. घाई करू नका. वर चढताना चपला काढून ठेवा. मी हाय हितं झाडाखाली."

द्वारकाबाईला वाटलं, थट्टा करतोय. हा तिला जन्मात कधी 'या' म्हणाला नव्हता. पण तोवर तो उतरून दुसऱ्या रिक्षावाल्यांकडं निघालाही होता.

"आवो, आन् तुमी?"

"मी? रिक्षावाले नसतेत जात आत. गाडी कोण बघंल?"

तेव्हा तिला कळलं. इतकी वर्षं लोकांना मकबऱ्याची घडाघडा माहिती सांगणारा हा माणूस एकदाही आत गेलेला नव्हता. अंगाची लाही लाही झाली तिच्या. पण चारचौघांत नवऱ्याशी काय भांडायचं? ती एकटीच आत गेली.

आत पोरं धावत होती, पोरी नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून फोटो काढून घेत होत्या. एक फोटोवाला गळ्यात कॅमेरा अडकवून जवळ आला. "अकेले? भाईसाब किधर हैं?"

"येतेत मागून," द्वारकाबाई म्हणाली.

कोरड्या कारंज्याच्या कडेला ती बसून राहिली. मकबरा तिच्या पाठीमागं होता. ती बघत होती दाराकडं. खाकी दिसली की उठायची, आणि तो कुणी तरी राखणदार असायचा. फोटोवाला पुन्हा एकदा विचारून गेला. तिसऱ्यांदा समोरून गेला तेव्हा त्यानं विचारलंही नाही. मग ती उठली.

बाहेर कडुबा चहाचा कप हातात घेऊन गप्पांत रंगला होता. "कसं वाटलं? झकास नं?"

"फोटो?"

"काढला नाय का? अगं, आत तं लई फोटोवाले असतेत!"

आता अशा माणसाला काय बोलावं? "दोघांचा काढायचा होता," एवढंच ती म्हणाली. तो म्हणाला, "मंग पाणचक्कीला काढू. हाय काय आन् नाय काय." पाणचक्कीला रस्त्यावर पोलीस गाड्या उचलत होते. पुन्हा "या जाऊन". हौदातले मासे द्वारकाबाईनं एकटीनं बघितले.

मग कडुबा म्हणाला, "चल, आता तुला हिमरू दाखवतो." आणि काय नवल, या खेपेला गाडी बाजूला लावून तो तिच्याबरोबर दुकानात शिरला! दुकानदारानं चहा सांगितला. मागच्या बाजूला विणकर मागावर बसला होता. रेशमाचा एकेक धागा सरकत होता आणि त्यातून वेल उमलत होती. द्वारकाबाई हरखून बघत राहिली. नवरा शेजारी उभा होता. सकाळपासूनचं सगळं तिनं तिथल्या तिथं माफ करून टाकलं. वेडी बाई!

दुकानदारानं डाळिंबी शाल तिच्या खांद्यावर टाकली. कडुबा दोन पावलं मागं सरकून बघत म्हणाला, "घे. तुझ्या रंगाला हाच खुलतो. जन्माची आठवण राहील."

असं तो कधी बोलला नव्हता. द्वारकाबाईला आरशात स्वतःकडं बघवेना, इतकी ती लाजली. फोटोच्या चौकटीसाठी तिनं पदराला पैसे बांधून आणले होते. ती गाठ सोडून तिनं शाल घेतली.

रिक्षापाशी आल्यावर तिला पिशवी आठवली. परत फिरली. गल्ल्याजवळ दुकानाचा माणूस कडुबाच्या खाकी खिशात नोट सरकवत होता. गिऱ्हाईक आणलं की रिक्षावाल्याला मिळते तीच. "क्या कडुबाभाई, आखरी दिन भी सवारी लाए! 'रंग पे खुलता है, जनम की याद रहेगी'... अब कौन बोलेगा ये?"

"हौ," म्हणत कडुबा हसला. ती माझी बायको हाय, एवढे चार शब्द त्या मुडद्याच्या तोंडून निघाले नाहीत.

द्वारकाबाईनं पिशवी उचलली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. कडुबानं आरशात बघत विचारलं, "खूश?"

"व्हय," ती म्हणाली. शाल पिशवीतच होती.

सोमवारी सकाळी सोमनाथ आला. कडुबानं रिक्षा धुऊन पुसून काढली होती, पुढं झेंडूचा हार घातला होता. चावी द्यायची वेळ आली तसा त्याला हुंदका आवरेना. गाडीच्या टपावर हात ठेवून तो उभा राहिला. "द्वारका, एक फोटो काढ गं."

तिनं मोबाईल घेतला, मागं सरकली आणि फोटो काढला.

कडुबानं डोळे पुसत फोटो निरखून बघितला. "लई भारी आलाय. मोठा करून आणतो. खिळा हायच आपल्या भिंतीला."

"व्हय," द्वारकाबाई म्हणाली. "दोघंबी चांगले आलात."