कस्तुराच्या तोंडचा शब्द

यावलच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पावरा आदिवासींच्या एका पाड्यावर पत्र्याच्या छताचं छोटंसं प्रार्थनाघर आहे. तिथे रविवारचा संदेश दोनदा ऐकू येतो. बाहेरून आलेले पाळक मराठीत एक वाक्य बोलतात, आणि त्यांच्या शेजारी उभी असलेली कस्तुरा तेच पाड्याच्या बोलीत, पावरीत सांगते. पाड्यावरच्या लोकांना मराठी येतं ते बाजारापुरतं, मजुरी ठरवण्यापुरतं. उपासनेतलं मराठी त्यांच्या डोक्यावरून जातं.

कस्तुरा आश्रमशाळेत आठवीपर्यंत शिकलेली. पण तिची खरी करामत पावरीत होती. पाळक ‘कृपा’ म्हणाले की ती क्षणभर थांबे आणि म्हणे, “न मागता मिळालेलं, आणि कोणी परत न मागणारं.” म्हाताऱ्या माना डोलवत. एखादं वाक्य लोकांच्या काळजात उतरलं की तिला ते समोरच्या चेहऱ्यांवर दिसे, आणि आपल्याला देवाने याच कामासाठी ठेवलंय असं वाटे. नवरा गेल्यावर, मुलगी शीतल नर्सिंग शिकायला जळगावला गेल्यावर, तिच्या आठवड्यात रविवारइतकं मोठं दुसरं काही उरलं नव्हतं.

त्याच पाड्यावर रायकी आणि तिचा नवरा गुमान राहत. दोघं केळीच्या बागेत मजुरीला जात. उन्हाळ्यात एके दिवशी रायकी घड वाहत होती आणि तिचा लहानगा मुलगा विक्रम बांधावर खेळत होता. बागेच्या कडेला शेततळं होतं, प्लास्टिकचा कागद अंथरलेलं. असल्या तळ्यात पडलेल्याला कडेला पाय रोवता येत नाही, ओल्या कागदावरून माणूस पुन्हा पुन्हा खाली घसरतो. विक्रम दिसेना म्हणून रायकीने हाका मारल्या, तोवर वेळ गेली होती. त्याला प्रार्थनाघरामागच्या टेकाडावर पुरलं.

रायकीने रविवार चुकवला नाही. खांबाशेजारी बसायची, गाणी म्हणायची नाही, पण यायची.

दिवाळीच्या सुमारास हंगामाचा सण होता. लोकांनी ज्वारीची कणसं, भोपळे, केळीचा एक घड वेदीपुढे ठेवला होता. धुळ्याहून एक पाळक पहिल्यांदाच आले होते. मनापासून बोलणारा माणूस. देवापुढे उघडं असावं, हा त्यांचा विषय. बोलता बोलता ते म्हणाले, “जे घर देवापासून काही लपवतं, त्या घरातला दिवा विझतो.”

दिव्याचं पावरीत सांगितलं असतं तर फिकं पडलं असतं. लोक रंगले होते, कस्तुराही रंगली होती. तिला त्याहून जिवंत काहीतरी हवं होतं, आणि ते तिच्या तोंडात तयार आलं. ती म्हणाली, “जी आई देवापासून काही लपवते, तिचं लेकरू देव परत घेतो.”

शब्द बाहेर पडल्यावर तिची नजर खांबाकडे गेली.

रायकी उठली, चपला हातात घेतल्या आणि बाहेर गेली. पाळकांना वाटलं, बाईला काही काम असेल. त्यांनी पुढचं वाक्य सुरू केलं, आणि कस्तुराने तेही सांगितलं.

ते वाक्य मग पाड्यावर फिरू लागलं. पाणी भरताना बाया रायकीकडे वळून बघत आणि बोलणं थांबवत. आतापर्यंत गुमानने बायकोला एका शब्दाने दोष दिला नव्हता. एका संध्याकाळी तो पिऊन आला आणि सगळ्या पाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारू लागला, “काय लपवलंस? सांग, काय लपवलंस?” आठवडा सरायच्या आत रायकी माहेरी निघून गेली, सेंधव्याकडे, मध्य प्रदेशात.

लोक मात्र धुळ्याच्या पाळकांवर चिडले होते. प्रार्थनाघराच्या मंडळीचे वडीलधारे जामसिंग नाना तर पेटलेच. “मेलेल्या लेकरावर असं बोलणारा माणूस पुन्हा इथे पाय ठेवणार नाही,” ते म्हणाले. कस्तुराला त्यांनी धीर दिला. “तुझा काय दोष, पोरी? त्याने सांगितलं ते तू सांगितलंस.”

कस्तुराने मान हलवली. होकारही नाही, नकारही नाही. घरी येऊन तिने भाकरी थापायला घेतली आणि पीठ तसंच ठेवून बसून राहिली. पाळकांचं नेमकं वाक्य पाड्यावर फक्त तिला माहीत होतं. ती गप्प राहिली तर ते कोणालाच कधी कळणार नव्हतं. पुढच्या रविवारी अंग दुखतंय असं सांगून ती गेलीच नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही.

मग धुळ्याहून फोन आला. पाळकांच्या आवाजात राग नव्हता, गोंधळ होता.

“बहीण, नाना म्हणतात येऊ नका. माझ्या बोलण्याने एक आई घर सोडून गेली म्हणतात. मी नेमकं काय बोललो?”

“दिवा विझतो, असं म्हणालात.”

“मग?”

कस्तुराने सगळं सांगितलं. दिव्याच्या जागी तिने काय ठेवलं, आणि का. मग तो शिकलेला माणूस एकदम आपल्या घरच्या अहिराणीत म्हणाला, “आरे देवा, हाई काय व्हई गय!” थोड्या वेळाने तो सावरला. “मीही चुकलो. कोणाच्या घरात काय घडलंय ते न विचारता बोललो. मी येऊ का? त्या बाईंची माफी मागतो.”

“तुमची माफीही पावरीत मलाच सांगावी लागेल,” कस्तुरा म्हणाली. “आधी मला माझं बोलू द्या.”

दुसऱ्या दिवशी ती चोपड्याच्या बसने निघाली आणि गाड्या बदलत रायकीच्या माहेरी पोचली. रायकी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. कस्तुरा जमिनीवर बसली.

“ते वाक्य पाळकांचं नव्हतं,” ती म्हणाली. “ते घर म्हणाले, आई मी म्हणाले. ते दिवा म्हणाले, लेकरू मी म्हणाले.”

रायकीचे हात थांबले. “तो माणूस काय बोलला, मला काय कळतं? मी तुझंच ऐकलं होतं. माझ्या भाषेत, तुझ्या आवाजात.” मग तिने आवाज खाली आणला. “तुला कसं कळलं?”

“काय?”

“होळीच्या वेळी त्याला ताप आला होता. उतरत नव्हता. मी त्याला बडव्याकडे नेलं, त्या भगताकडून मंतरलेला दोरा बांधून आणला. मंडळीत बोल लागेल म्हणून सांगितलं नाही. गुमानलाही नाही. तुला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. मला माहीत नव्हतं.”

“मग देवानेच बोलवलं तुझ्या तोंडून.”

इतके दिवस ही बाई काय घेऊन बसली होती, ते कस्तुराला आता कळलं. तिने रायकीचं मनगट धरलं.

“नाही. रायकी, ऐक. ते वाक्य कुठून आलं ते मला ठाऊक आहे. लोकांनी माना डोलवाव्यात म्हणून मी ते बनवलं. त्यात देव नव्हता, मी होते. लेकरू तापाने फणफणलं की आई कुठेही धावते. देवाला तेवढं कळत नसेल, तर मग कोणाला कळायचं?”

रायकीने हात सोडवून घेतला. रडली नाही. मग म्हणाली, “इथे एकटीला सांगून काय उपयोग? तू सगळ्यांसमोर बोलली होतीस.”

त्या रविवारी बाहेरचे पाळक नव्हते. नानांनी प्रार्थना केली, आणि कस्तुरा उठून नेहमीच्या जागी उभी राहिली. शेजारी कोणी नव्हतं. आधी कोणीतरी बोलेल आणि मग आपण, या सवयीने ती क्षणभर थांबली. मग तिने सांगितलं. धुळ्याच्या पाळकांचं वाक्य आधी मराठीत, मग पावरीत, जसं होतं तसं. मग स्वतःचं. “लेकराचा शब्द माझा होता. तो खोटा होता. मी तो देवाच्या नावाने बोलले. रायकीने काही केलेलं नाही.” बडव्याची गोष्ट तिने सांगितली नाही, ती रायकीची होती.

कोणी ‘आमेन’ म्हटलं नाही. एक म्हातारी म्हणाली, “आणि आम्ही महिनाभर तेच बोलत बसलो.” नाना खाली बघत होते. गुमान दारात उभा होता. तो निघून गेला.

काही दिवसांनी तो मोटारसायकल मागून घेऊन सासुरवाडीला गेला. तिथे नवरा-बायकोत काय बोलणं झालं ते पाड्यावर कोणाला माहीत नाही. रायकी त्याच्या मागे बसून परत आली, एवढं लोकांनी पाहिलं. गुमान अजून अधूनमधून पितो. पण तो प्रश्न त्याने पुन्हा विचारलेला नाही.

कस्तुराने ते काम सोडायचं ठरवलं होतं, पण नानांनी ऐकलं नाही. आता पाहुणे पाळक आले की ती त्यांना आधी घरी बसवते, चहा देते, आणि आज काय बोलणार ते विचारून घेते. मग पाड्यावर कोणाच्या घरी काय झालंय ते त्यांना सांगते. तिचं पावरी पहिल्यापेक्षा साधं झालंय. काही लोकांना ते आवडत नाही, पूर्वीसारखी मजा राहिली नाही म्हणतात.

रायकी आता कस्तुरासोबत मजुरीला जाते, पण तिच्या घरी अजून जेवलेली नाही. विक्रमला जाऊन वर्ष झालं तेव्हा ती सकाळीच कस्तुराच्या दारात आली. “टेकाडावर चल. प्रार्थना कर.”

तिथे गेल्यावर कस्तुराने डोळे मिटले, पण तोंड उघडेना. “काय बोलू?” तिने विचारलं.

“त्याचं नाव घे,” रायकी म्हणाली. “त्या रविवारपासून माझ्यासमोर कोणी त्याचं नाव घेत नाही.”

“विक्रम,” कस्तुरा म्हणाली.

रायकीने मान हलवली. मग ती तिथेच बसली आणि बोलू लागली. त्याला उकडलेली अंडी आवडत नसत, पिवळं तेवढं खायचा आणि पांढरं कुत्र्याला टाकायचा. कस्तुरा ऐकत राहिली.