काकांच्या जहाजावरून भाकरतुकडा

काकांनी आधी साफ नाही म्हटलं. उमेदीची वर्षं त्यांनी ज्या युद्धनौकेच्या इंजिनघरात काढली, ती आता निवृत्त झाली होती आणि तरंगतं स्मारक करायला तिला देवगडजवळच्या एका बंदरात आणणार होते. मी मोठ्या उत्साहानं शिरोळला फोन लावला. वाटलं, गडी खूश होईल. तर म्हणाले, "इंजान बंद करून दोरानं वढत आणणार तिला. मढ्याची मिरवणूक काय बघायची?"

आणि पुढच्याच आठवड्यात दोघं एसटीनं कोल्हापुरात माझ्या दारात हजर! काकांचं म्हणणं, काकीला समुद्र बघायचाय. काकीनं समुद्राचं नावसुद्धा काढलं नव्हतं, हे ती मला स्वयंपाकघरात हळूच सांगून गेली.

पहाटेचा चहा झाल्यावर निघालो. कळे, गगनबावडा, मग करूळ घाट. जाणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवा: पेट्रोल कोल्हापुरातच भरा आणि घाट चालू आहे का ते आधी विचारून घ्या. गगनबावड्यात चहाच्या टपरीवर काकीनं ज्वारीच्या भाकरी, खर्डा आणि दही सोडलं. टपरीवाल्यानं न मागता कांदा फोडून दिला. एक भाकरी मात्र वेगळ्या फडक्यात बांधलेली होती. मी हात घातला तर काकीनं चापट मारली. ती कामाची हाय, म्हणाली. कसलं काम, ते सांगितलं नाही.

घाटात धुकं इतकं होतं की मी पुढच्या ट्रकचे दिवे धरून उतरले. काका काचेवरची वाफ पुसत बसले होते. एरवी हा माणूस माझ्या गिअर टाकण्यावर भाषण देतो.

दुपारी घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी बांगड्याचं ताट मिळालं. ताजं, स्वस्त आणि आमच्या मते अळणी. काकीनं सगळ्यांच्या पानात खर्डा वाढला, घरमालकीणबाईंनाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "इतक्या तिखट आमका सोसना नाय," म्हणाल्या, पण पुन्हा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर निम्मं गाव जमलं होतं. शाळेचं बँडपथकही होतं. लांबवर आधी एक बुटकी टग बोट दिसली, मग लांबलचक दोर, आणि त्यामागं ती. काकांच्या बैठकीतल्या फोटोत ती ऐटबाज दिसते. इथं अंगावर गंजाचे ओघळ होते. एवढं थोरलं धूड, आणि आवाज नाही, धूर नाही. बँड वाजायला लागला तसे काका पाठ फिरवून धक्क्याच्या टोकाला, एका उपड्या होडीवर जाऊन बसले.

मी शेजारी बसले. इंजिनाची थरथर वर्षानुवर्षं तळपायात असायची, काका म्हणाले. सुट्टीवर घरी आलं की जमीन हलत नाही म्हणून झोप लागायची नाही. आता तीच अशी मुकी झालेली त्यांना बघवत नव्हती. यांना इथं आणून आपण चूक केली असं मला वाटायला लागलं.

तेवढ्यात काकी ते फडकं सोडत आली. आमच्याकडे लांबून घरी आलेल्या माणसाला उंबऱ्याबाहेर थांबवतात, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात, पायावर पाणी घालतात, मगच आत घेतात. काका सुट्टीवर आले की त्यांची आई हे करायची.

"उठा," काकी म्हणाली. "बंदराच्या तोंडाशी आलीया ती."

"मढ्यावरनं भाकरी ओवाळतीस व्हय?"

"मढ्यावरनं कोण भाकरतुकडा टाकतंय? घरला येणाऱ्यावरनं टाकत्यात. कायमची आलीया, आन् दारात तिचं कोण न्हाय."

काका उठले. भाकरी काकीच्या हातातून स्वतः घेतली, तोंड जहाजाकडे केलं आणि हात उंच करून तीनदा ओवाळली. तुकडा भिरकावला तो एका समुद्रपक्ष्यानं वरच्या वर पळवला. काकीला हे पटलं नाही, तिच्या मते तो कावळ्याकुत्र्याचा मान. मग काकांनी बाटलीतलं पाणी धक्क्याच्या पायरीवर ओतलं. शेजारच्या माणसानं हे काय म्हणून विचारलं, तर काका म्हणाले, "आमची हाय ती." ती धक्क्याला लागेपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही.

जहाजावर अजून कुणाला सोडत नाहीत. सोडतील तेव्हा जरूर जा.

परतताना दोघांना थेट शिरोळला सोडलं. काकी मागच्या दारानं आत जाऊन दिवा लावून आली, तरी काका उंबऱ्याबाहेरच. मला वाटलं, गुडघे आखडले.

"कायमचा आलो त्या साली उंबरा पाण्याखाली हुता," ते काकीला म्हणाले. "माझा ऱ्हायलाय."

मला आठवलं. काका निवृत्त होऊन आले ते कृष्णेच्या पुरात. ट्रंक घेऊन सरळ पूरग्रस्तांच्या छावणीत गेले होते, आणि घरात शिरले ते हातात खोरं घेऊन, चिखल काढायला.

घरात भाकरी नव्हती. काकीनं शेजारणीकडून चतकोर मागून आणली, त्यांच्यावरून ओवाळून टाकली, पायावर तांब्याभर पाणी घातलं.

जहाजाचे माझे सगळे फोटो हललेले निघाले, त्याचं काही वाटत नाही. दारातला फोटो काढायचं मला सुचलंच नाही, कारण मी रडत होते.

"या आता आत," काकी म्हणाली, आणि काका घरी आले.